रुमालाखालचा कौल

आमच्या वरकुट्याच्या घरात खुर्ची नव्हती, स्पीकरच्या दोन पेट्या होत्या. सागवानी, कंबरेएवढ्या उंच, पुढच्या बाजूला काळं कापड ताणलेल्या. एकीवर माझी पुस्तकं असत, दुसरीवर पिठाचा डबा. लग्नाची किंवा बारशाची सुपारी आली की आई डबा खाली उतरवी, मी पुस्तकं गोळा करी आणि घरातलं फर्निचर टेम्पोत चढून परगावी वाजायला जाई. परत आलं की पेटीच्या फटीत कधी अक्षता सापडत, कधी गुलाल. माझे वडील, ज्यांना आम्ही दादा म्हणत असू, बारामती एमआयडीसीतल्या एका दुधाच्या कारखान्यात पाळीवर कामाला होते. मोटरसायकलने जात-येत. साउंड सर्व्हिस हा त्यांचा जोडधंदा होता, पण त्यांना बोलताना ऐकलं तर नोकरीच जोडधंदा वाटावी. या पेट्या त्यांनी स्वतः बनवल्या होत्या. जुन्या दारांच्या फळ्या मिळवून, त्यांना रंधा मारून, आवाज घुमू नये म्हणून आतून फाटक्या घोंगडीचे तुकडे चिकटवून. पहिल्या वेळी बनवलेली पेटी फुटक्या हंड्यासारखी वाजली म्हणून त्यांनी ती सगळी उकलून पुन्हा जोडली होती. ते काम चालू असताना घरात सरसाचा वास इतका मुरला होता की हुलग्याच्या माडग्यालाही तो येतो, अशी आईची तक्रार होती.

सकाळची पाळी नसेल तेव्हा दादा आधी चहा घेत आणि मग अँप्लिफायर उघडून बसत. सोल्डरिंगचा धूर, रेडिओच्या बातम्या, आईच्या भाकरी थापण्याचा आवाज आणि मध्येच तार चुकीची टेकल्यावर पेटीतून येणारा 'घुर्र' असा हुंकार, हे आमच्या घरातले नेहमीचे आवाज. आई या सगळ्याला वैतागल्यासारखं दाखवी. पण वायर सोलणं, पिळणं, लाल आणि काळी ओळखून लावणं तिला दादांइतकंच येत होतं. दादा पाळीवर असताना कोणी सामान न्यायला आलं तर जोडणी कशी करायची ते तीच सांगे. माइकवर मात्र ती कधी बोलली नव्हती. बायका माइकवर बोलत नसत, एवढंच त्याचं कारण होतं.

आजोबांना सगळं गाव आबा म्हणत असे. त्यांच्या तरुणपणी घरात मेंढरं होती. पुढे पाणी आलं, शेती आली, मेंढरं गेली. राहिली ती घोंगडी, खांद्यावरचा रुमाल आणि बाजाराची सवय. मेंढरं नसतानाही आबा मेंढरांच्या बाजारात जात, तासभर फिरत आणि काही न घेता परत येत. बिरोबाच्या यात्रेच्या पंचांत ते सर्वांत वडीलधारे होते. पंचांच्या बैठकीत आबा बोलले की विषय संपला असं समजायची पद्धत होती. त्यात धाक नव्हता. मोठ्या माणसाच्या बोलण्यानंतर वेगळं बोलणं हे वाईट दिसे, इतकंच. या पद्धतीची किंमत काय असते हे मला त्या वर्षी कळलं.

बारामतीत विलासशेठ नावाच्या गृहस्थांचं हाय-फायचं दुकान होतं. दारात काच, आत गालिचा, उदबत्तीचा वास. कॅसेट आणि डेकपासून सुरुवात करून ते हळूहळू आवाज 'सुधारणाऱ्या' वस्तूंकडे वळले होते. अंगठ्याएवढी जाड सोनेरी वायर होती. तिच्यावर बाण छापलेले, आणि बाणाच्या उलट जोडली तर आवाज 'थकतो' असं ते सांगत. डेकखाली ठेवायचे पितळी शंकू होते. सीडीच्या कडेला फिरवायचं हिरवं पेन होतं. आणि सर्वांत वरच्या फळीवर, मखरात ठेवावा तसा, काळा जड डबा होता. अँप्लिफायर आणि स्पीकर यांच्या मधे तो जोडायचा. आत परदेशी स्फटिक आहे आणि तो आवाजातला मळ धुऊन काढतो, असं विलासशेठ म्हणत. डबा चहूबाजूंनी सील केलेला होता. उघडला तर स्फटिक मरतो, असंही ते म्हणत.

यात्रेच्या आधी विलासशेठनी पंचांना दुकानात बोलावलं. मी तेव्हा बारामतीच्या कॉलेजात बारावी सायन्सला होते. कॉलेज सुटल्यावर एसटीऐवजी दादांबरोबर जायचं म्हणून मीही तिथं पोचले. पाच पंच गालिच्यावर चपला काढून बसले होते. विलासशेठनी एक सीडी लावली, आधी डब्याशिवाय, मग डबा जोडून. जोडणी बदलताना त्यांचा हात दरवेळी आवाजाच्या बटणापाशी जात होता, हे मी पाहिलं. मग ते आबांकडे वळले.

"आबा, तुमीच सांगा. तुमचा कान म्हंजे कान हाय. पडला का न्हाय फरक?"

आबांनी डोळे मिटले. सगळं दुकान थांबलं. "व्हय," आबा म्हणाले. "पडला की. मोकळा वाटतोय."

"मोकळा वाटतोय," दुसरे पंच म्हणाले.

"लईच मोकळा," तिसरे म्हणाले.

पंचांपैकी महादूअण्णांना एका कानाने कमी ऐकू येई. त्यांनी सर्वांच्या तोंडाकडे पाहिलं आणि मान हलवली. दादांनीही मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावर मला जे दिसलं ते नुसतं भिडेपोटी नव्हतं. त्यांना खरंच फरक ऐकू आला होता.

तिथेच ठरलं की या वर्षी यात्रेत ज्याच्याकडे हा डबा असेल त्याचाच साउंड लावायचा. ज्या यात्रेत दादांचा साउंड वर्षानुवर्षं वाजत आला होता, तिच्यासाठी आता त्यांना डबा घेणं भाग होतं. विलासशेठनी मार्गही सुचवला. डबा ते देतील, सोबत तयार प्लायवुडचे दोन लहान स्पीकरही देतील, बदल्यात दादांनी आपल्या दोन सागवानी पेट्या द्यायच्या. "तुमच्या पेट्या आता जुन्या झाल्या, मारुतराव," ते म्हणाले. पण म्हणताना ते पेट्यांचं माप विचारत होते. यात्रेच्या आधीच्या रविवारी त्यांची गाडी येऊन पेट्या घेऊन जाणार होती.

घरी आल्यावर मी दादांशी भांडले. तांब्याच्या तारेला बाणाची दिशा कळत नाही, सील केलेल्या डब्यात काय आहे हे पाहिल्याशिवाय कोणी कसं मानायचं, वगैरे. भौतिकशास्त्राच्या पुस्तकातलं जे आठवलं ते सगळं मी ओतलं. दादांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"शैले, तू पुस्तकातलं सांगतीस. मी माझ्या कानानं ऐकलंय. आबांनी ऐकलंय. पाच माणसं खोटी आन् तू एकटी खरी व्हय?"

आई पेटीवरचा पिठाचा डबा पुसत होती. "पेट्या गेल्यावर ह्यो कुठं ठिवू ते बी विचारा शेठला," ती म्हणाली. दादा हसले नाहीत. थोड्या वेळाने ते उठले, पेटीच्या कडेवरून हात फिरवला आणि बाहेर गेले. पेट्या देण्याचं त्यांना वाईट वाटत होतं, हे उघड होतं. पण आपल्या हाताच्या कामापेक्षा चांगला आवाज आपण ऐकला आहे, असं त्यांना वाटत होतं, आणि तसं वाटत असताना पेट्या धरून बसणं त्यांना अप्रामाणिक वाटत होतं. ही त्यांची अडचण मला तेव्हा नीट कळली नाही. आज कळते, आणि त्यांचा अभिमान वाटतो.

पुस्तकाने काम होणार नव्हतं. कानांचा निकाल कानांनीच फिरवायला हवा होता. आबांबरोबर मी पूर्वी बाजारात गेले होते, तेव्हाचं एक दृश्य मला आठवत होतं. मेंढरांचा सौदा करताना दलाल आणि गिऱ्हाईक एकमेकांचा हात हातात घेतात, वर रुमाल टाकतात आणि रुमालाखाली बोटं दाबून भाव सांगतात. तोंडाने एक शब्द निघत नाही. भोवती दहा माणसं उभी असली तरी कोणी काय भाव सांगितला ते कोणाला कळत नाही. दुसऱ्या दिवशी आबा ओट्यावर बसून शेंगा फोडत होते. मी त्यांच्याजवळ बसले.

"आबा, बाजारात भाव मोठ्यानं का सांगत न्हाईत?"

"खुळी का काय? मोठ्यानं सांगितला की बाकीचे त्यालाच धरून बसत्यात. मग खरा भाव कुनाच्या तोंडातनं निघतच न्हाय."

"मग दुकानात तुमी मोठ्यानं का सांगितलं?"

आबांचा हात शेंगेवर थांबला. ते रागावतील असं मला वाटलं, आणि क्षणभर ते रागावलेही. "आज्याला शिकवतीस?" ते म्हणाले. मग ते पुन्हा शेंगांकडे वळले. दोन-तीन शेंगा फोडल्या, पण दाणे तोंडात टाकले नाहीत. "त्यानं मलाच पहिलं इचारलं," अखेर ते म्हणाले. "दोन्ही येळा मलाच. बाजारात असं कुनी केलं असतं तर मी हात सोडवून घेतला असता." आणि उठून ते थेट तुकातात्यांकडे गेले. तुकातात्या बाजारातले दलाल. रुमालाखाली ऐकलेला भाव त्यांनी जन्मात कधी तोंडाबाहेर काढला नाही, अशी त्यांची ख्याती होती.

पुढे वृत्तपत्रात आल्यावर आमच्या मुख्य वार्ताहराने मला पहिल्याच आठवड्यात बजावलं, की साक्षीदारांना एकत्र बसवून कधी विचारायचं नाही. मी मान हलवली. हे मला आमच्या ओट्यावर आधीच कळलेलं होतं, पण तिथं सांगण्यासारखं नव्हतं.

रविवारी सकाळी विलासशेठ गाडीत तो डबा घेऊन आले ते पेट्या नेण्याच्या तयारीने. बिरोबाच्या देवळापुढे पंच, तुकातात्या आणि निम्मं गाव जमलेलं पाहून ते चकित झाले. पेट्या देवळाच्या पायरीवर ठेवल्या होत्या. त्यांच्या मागे दोन खांबांना घोंगडी बांधली होती आणि घोंगडीच्या आड अँप्लिफायर, डेक आणि माझी आई. आबांनी काय करायचं ते सांगितलं. आई आड बसून कधी डबा जोडेल, कधी तार सरळ पेट्यांना लावेल. कधी काय, ते तिच्याशिवाय कोणाला कळणार नाही. दर वेळी कॅसेटचा तोच तुकडा वाजेल. मग तुकातात्या एकेकाचा हात रुमालाखाली घेतील. डबा आहे असं वाटलं तर एक बोट दाबायचं, नाही वाटलं तर दोन. बोलायचं नाही. हसायचंही नाही.

"ही असली परीक्षा असते का कुठं?" विलासशेठ म्हणाले. "आबा, ह्याला सरावलेला कान लागतो. पुण्या-मुंबईचे लोक..."

"शेठ, यात्रेला पुण्या-मुंबईचे लोक येनार हायेत का?" आबा म्हणाले. "गावाचेच कान येनार. आन् तुमचा कान तर सरावलेला हाय. तुमी बी बसा की आमच्यात."

लोक हसले. विलासशेठना डबा आईकडे देऊन बसावं लागलं.

दादांनी आवाजाचं बटण एका जागी ठेवून त्यावर चिकटपट्टी लावली होती. ते स्वतः बाजूला, चिंचेखाली, हात मागे बांधून उभे होते. कॅसेट त्यांनीच कधीतरी भरलेली होती. गजी नाचाच्या ढोलाचा दणका आणि मागोमाग आबांच्या सोबत्यांच्या ओव्या. पंचांपैकी दोघांचा आवाज तीत होता, त्यामुळे ते विशेष सावध झाले. डबा लावायचा की नाही हे ठरवायला आईने घरून चिंचोके आणले होते, मधून फोडलेले, खेळात वापरतात तसे. एकेक चिंचोका फेकायचा. पांढरी बाजू वर आली तर डबा, काळी आली तर सरळ तार. आणि तो चिंचोका जसा पडला तसाच ताटात ओळीने ठेवायचा. ही कल्पना तिची. मी तिला नाणं उडवायला सांगितलं होतं. "नाणं उचललं की काय पडलं हुतं ते कुनाला आठवायचं?" ती म्हणाली होती. तात्या प्रत्येकाची बोटं माझ्या कानात सांगत आणि मी पाटीवर खूण करून पाटी पालथी ठेवत असे.

ढोल वाजला, थांबला. रुमाल फिरला. पुन्हा कॅसेट मागे, पुन्हा ढोल. पहिल्या फेऱ्यांत पंच एकमेकांच्या चेहऱ्याकडे पाहत, पण तिथे काही मिळत नव्हतं. जो तो आपल्यापुरता एकटा पडला होता. आबांच्या कपाळावर घाम आला. चौथ्या फेरीला विलासशेठना राहवलं नाही.

"हां! हा बघा, हा! पडदा उघडल्यासारखा! आता तरी पटलं का?"

"शेठ, तोंड न्हाय, बोट," तुकातात्या म्हणाले आणि रुमाल पुढे केला.

दहा फेऱ्या झाल्यावर आबांनी पुरे म्हटलं. आई घोंगडीआडून ताट घेऊन बाहेर आली. डोक्यावरचा पदर सावरत तिने ते देवळाच्या पायरीवर ठेवलं. मी पाटी उलटी केली आणि चिंचोक्यांच्या ओळीशेजारी धरली. चौथा चिंचोका काळा होता. ज्या आवाजाला विलासशेठनी पडदा उघडल्यासारखा म्हटलं होतं, तो सरळ तारेतून, दादांच्या पेट्यांतून, मधे काहीही नसताना आलेला होता. ते लोकांच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. मग कोणीतरी मागून ओरडलं, "शेठ, पडदा झाका, थंडी वाजतीया!" आणि देवळापुढे जो हशा उठला तो मला आजही आठवतो.

बाकीच्यांचं काही बरं नव्हतं. जितकं बरोबर तितकंच चुकीचं. विलासशेठचंही तसंच. सर्वांत जास्त बरोबर आले ते महादूअण्णांचे, ज्यांना एका कानाने कमी ऐकू येई. "मला ढोल तेवढा ऐकू येत हुता," ते म्हणाले, "बोट मी आपलं आलटून-पालटून दाबलं." आबांचे चार बरोबर आले होते. त्यांनी ताट हातात घेतलं, एकेक चिंचोका पाहिला, ताट खाली ठेवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. आयुष्यात त्यांना असं बोलताना मी एवढ्या एकाच वेळी ऐकलं.

"दुकानात मी फरक हाय म्हनालो. मला फरक कळला नव्हता. शेठनं इचारलं, म्हनून वाटला. असा अंदाज मी बाजारात केला असता तर मेंढरं घालवून घोंगडीसुदिक तितंच ठिवून आलो असतो. डबा नगं. साउंड मारुतीचाच."

"आन् पेट्या?" कोणीतरी विचारलं.

"पेट्या हायेत तितं हायेत," आबा म्हणाले.

मी दादांकडे पाहिलं. ते चिंचेखालून निघून पेट्यांपाशी आले होते. त्यांनी चिकटपट्टी सोलून काढली, बोटाने तिची गोळी केली आणि ती हातात घोळवत राहिले. मग विलासशेठकडे वळून म्हणाले, "शेठ, उन्हाचं निघू नगा. जेवून जावा." विलासशेठ जेवायला आले. बाजरीची भाकरी, मटकीची उसळ, शेंगदाण्याची चटणी. त्यांनी दोनदा उसळ मागून घेतली. ते लोकांना फसवत होते, की त्यांनाही तो डबा कोणीतरी असाच गालिच्यावर बसवून ऐकवला होता, हे मी अजून ठरवू शकलेले नाही. बातमी लिहायची असती तर मी दोन्ही शक्यता लिहिल्या असत्या.

पंधरवड्यातच लोणी भापकरहून दोघे साउंडवाले आले. त्यांच्याही गळ्यात तोच डबा मारण्याचं चाललं होतं. ती घोंगडीची परीक्षा आमच्याकडे घ्या म्हणाले. दादांनी मला आणि आईला बरोबर नेलं. निकाल तोच लागला. त्यानंतर त्या मखरातला डबा फळीवरून खाली आला आणि काही दिवसांनी दुकानातून दिसेनासा झाला, असं ऐकलं. आता माझ्या फोनवर त्याचे नातेवाईक रोज दिसतात. बाण असलेल्या तारा, आवाज शुद्ध करणारे खडे, आणि खाली शेकडो लोकांनी एकमेकांचं वाचून दिलेले पाच-पाच तारे. मला दर वेळी एक रुमाल हवासा वाटतो.

पण मला सांगायचं आहे ते यात्रेच्या सकाळचं. पेट्या देवळाच्या दोन बाजूंना उंच चौथऱ्यांवर चढवल्या होत्या. दादांनी जोडणी तपासली आणि माइक हातात घेतला. दर वर्षी पहिलं 'हॅलो' ते स्वतः म्हणत. त्या दिवशी त्यांनी माइककडे पाहिलं, मग वायरीचं वेटोळं घेऊन उभ्या असलेल्या आईकडे पाहिलं आणि माइक तिच्यापुढे धरला. "जोडलंय तू," ते म्हणाले. "बघ चाललंय का." आई मागे सरली. पंचांकडे पाहिलं. पंच दुसरीकडे पाहू लागले. मग तिने माइक घेतला, दोन्ही हातांनी, कळशी धरावी तसा. काय बोलावं ते तिला सुचेना. शेवटी साउंडवाल्याला जेवढं विचारायचं असतं तेवढंच तिने विचारलं.

"ऐकू येतंय का?"

तिचा आवाज त्या दोन पेट्यांतून निघाला आणि पटांगण ओलांडून, उसाच्या शेतांवरून, पार फाट्यापर्यंत गेला. नारळवाले, पाळणेवाले, ढोल बांधून बसलेले गजीवाले, रांगेतल्या बायका, या वेळी कोणी कोणाकडे पाहिलं नाही. चारी बाजूंनी एकदम उत्तर आलं.

"येतंय!"